गावाचा इतिहास-भूगोल नकाशातून: बव्हेरियाचं पोर्टल आणि आपल्या सरकारी सेवा यांचं परीक्षण, खान्देशातल्या लिहिणाऱ्यांसाठी

खान्देशात गावाचा इतिहास लिहिणारे हात वाढत आहेत. शाळेचा शतक महोत्सव, यात्रेचा विशेषांक, ग्रामपंचायतीची स्मरणिका, कुळाची वंशावळ, निमित्त कोणतंही चालतं. पण यातलं बरंचसं लेखन देवळाच्या आख्यायिकेपासून सुरू होतं आणि सरपंचांच्या यादीवर संपतं. मधला काळ कोरा राहतो. तो भरण्याचं साहित्य सरकारी नकाशांत आणि दप्तरांत पडून आहे, आणि त्यातलं बरंच आता मोबाइलवरसुद्धा दिसतं. ते देणाऱ्या सेवा इथे तपासल्या आहेत: महाभूनकाशा, भूलेख, आपले अभिलेख, सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आणि जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ. मोजपट्टी म्हणून जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं ‘बायर्नअॅटलस’ हे मोफत नकाशा-पोर्टल घेतलं आहे. लहान खेड्याचा इतिहास नकाशावर कसा उघडा होतो हे त्यात स्वच्छ दिसतं, आणि आपल्याकडे नेमकं काय अडतं हेही त्यामुळेच कळतं.

तपासायला गावही तसंच घेऊ. म्योडलारॉइट हे बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या सीमेवरचं, पन्नासच्या आसपास वस्तीचं शेतकऱ्यांचं खेडं. गावातून टानबाख नावाचा ओहोळ वाहतो. १८१० साली बायरॉइटचा प्रदेश बव्हेरियाकडे गेला आणि हा ओहोळ बव्हेरियाचं राज्य आणि रॉइस संस्थान यांच्यातली हद्द ठरला. पुढची शे-सव्वाशे वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. शेतं दोन्ही बाजूंना होती आणि माणसं रोज ये-जा करत होती. १९४९ मध्ये दोन जर्मन देश झाले तेव्हा हीच कागदावरची हद्द देशांची सीमा बनली. १९५२ पासून पूर्व जर्मनीने तिथे कुंपण, नांगरून मोकळी ठेवलेली दहा मीटरची पट्टी आणि पाच किलोमीटरचा प्रतिबंधित टापू आणला. १९६६ मध्ये गावाच्या मधोमध सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणायचे. १९८९ च्या डिसेंबरात भिंतीतून वाट उघडली, १७ जून १९९० ला भिंत पाडली, आणि तिचा एक तुकडा संग्रहालयासाठी उभा ठेवला. देश एक झाला, तरी ओहोळ आजही दोन राज्यांची हद्द आहे. उत्तरेची घरं थुरिंगियातल्या गेफेल नगरपालिकेत, दक्षिणेची बव्हेरियातल्या टोपेन पंचायतीत.

आता पोर्टल. शोधपेटीत गावाचं नाव टाकलं की आजचा नकाशा उघडतो. थरांच्या यादीतून ‘हिस्टोरिशे कार्टे’ म्हणजे ऐतिहासिक नकाशा निवडला की त्याच जागेवर १८०८ ते १८६४ या काळातली मूळ मोजणी येऊन बसते. पारदर्शकता कमी-जास्त करता येते, म्हणजे जुन्या बांधाखालून आजचं शेत दिसू लागतं. खातं काढावं लागत नाही आणि पैसे लागत नाहीत. मांडणी जर्मन भाषेत असली तरी ब्राउझरच्या भाषांतराने काम भागतं. नकाशावर छापलेली अक्षरं मात्र भाषांतर होत नाहीत, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात.

हा थर एवढा तंतोतंत का बसतो, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. बव्हेरियाने ही मोजणी शेतसाऱ्यासाठी केली, आपल्याकडे इंग्रजांनी केली तशीच. फरक हा की तिथे सगळ्या राज्यासाठी एकच आरंभबिंदू ठरवला होता: म्युनिकच्या फ्राउएनकिर्शे या चर्चचा उत्तरेकडचा मनोरा. प्रत्येक पत्रक त्या एका बिंदूपासून किती पूर्वेला, किती उत्तरेला, हे ठरलेलं. नेहमीची पत्रकं १:५००० प्रमाणात आणि दाट वस्तीची १:२५०० प्रमाणात काढली. झोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीवर उलटी कोरून ती छापली, आणि ते सव्वीस हजारांहून जास्त दगड आजही म्युनिकमध्ये जपून ठेवले आहेत. एकाच जाळ्यात बसलेले कागद संगणकावर जोडायला फार कष्ट पडत नाहीत.

उणीवही मोठी आहे. हा ऐतिहासिक थर बव्हेरियाच्या हद्दीपाशी थांबतो. म्योडलारॉइटमध्ये त्याचा अर्थ असा की ओहोळाच्या दक्षिणेचं अर्धं गाव दिसतं आणि उत्तरेच्या अर्ध्यासाठी थुरिंगियाच्या वेगळ्या पोर्टलकडे जावं लागतं. ज्या हद्दीने गावाचा इतिहास घडवला, तिच्याच एका बाजूला उभं राहून तो बघावा लागतो. सीमेवरच्या कोणत्याही गावासाठी ही सेवा एकटी पुरत नाही. शिवाय यात मालकाचं नाव आणि खरेदी-विक्री नसते, ते दप्तर वेगळ्या अभिलेखागारात असतं. गावाच्या नोंदीसाठी १९१२ चा मायर्सचा जर्मन साम्राज्याचा ग्रामकोश इंटरनेटवर मोफत आहे. तो जुन्या गॉथिक छपाईत आणि संक्षिप्त खुणांत असल्याने सोबत संक्षेपांची यादी उघडी ठेवूनच वाचावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. महाभूनकाशा ही सगळ्यांत ओळखीची सेवा. ग्रामीण की शहरी, जिल्हा, तालुका, गाव असं निवडलं की गट किंवा सर्व्हे नंबरांचं जाळं उघडतं. नंबर टाकला की तेवढा तुकडा रंगतो आणि शेजारच्या नंबरांसह अहवालाची पीडीएफ निघते. हद्द समजायला एवढं पुरे. इतिहासासाठी मात्र तीन गोष्टी आधीच लक्षात ठेवा.

पहिली, गावाचं नाव. खान्देशात एकाच नावाची गावं भरपूर आहेत: बुद्रुक-खुर्द तर सगळीकडे, पण नावामागे ‘प्र.’ लावून जुन्या परगण्याचं आद्याक्षर जोडलेली गावंही बरीच. यादीत ते अक्षर न बघता निवड केली की दुसऱ्याच शिवाराचा नकाशा हाती येतो. जनगणनेचा सहा आकडी गावसंकेत सोबत ठेवला की हा घोटाळा होत नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारचा जिल्हासंकेत ४९७, धुळ्याचा ४९८ आणि जळगावचा ४९९ आहे.

दुसरी, गट आणि सर्व्हे नंबर यांतला फरक. तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली ज्या गावांत योजना राबवली तिथे जुने सर्व्हे नंबर मोडून गट झाले, आणि महाभूनकाशावर तेच गट दिसतात. म्हणजे समोर दिसतो तो एकत्रीकरणानंतरचा गाव. एकोणिसाव्या शतकातली शेतं कशी होती हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा आणि एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मागवावा लागतो. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला हे त्या उताऱ्यात असतं. योजना न झालेल्या गावांत सर्व्हे नंबरच चालू असतात, तिथे ही पायरी वाचते.

तिसरी, डिजिटल नकाशावर बांधाच्या रेषा असतात, पण जुन्या कागदी नकाशावरच्या खुणा सहसा नसतात. इतिहास त्या खुणांत आहे. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीरस्ता, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. हे आकडे साखळीतून आले आहेत: मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा निम्मा साडेसोळा, पाव सव्वाआठ. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजच्या उताऱ्यावर हेक्टर-आर असतात. एक हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर एकोणीस गुंठे. जुन्या आणि नव्या क्षेत्राची तुलना करताना पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा धरा. त्यातला वर्ग ब म्हणजे नाला, रस्ता, सार्वजनिक वापराची जागा. बुजलेला नाला किंवा नांगरलेला गाडीरस्ता पुष्कळदा याच नोंदीत जिवंत सापडतो.

पांझरेकाठच्या फडाच्या गावांसाठी जुना नकाशा मिळवणं अगदी गरजेचं. फड पद्धतीत नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फड बदलायचा. त्यामुळे एका शेतकऱ्याचे तुकडे सगळ्या फडांत विखुरलेले असायचे, आणि नकाशावर पाटाला टेकलेल्या अरुंद, लांब पट्ट्या दिसायच्या. हे विखुरणं पाणी सारखं वाटण्यासाठी मुद्दाम केलेलं होतं. जमीन सलग करणाऱ्या योजनेची नजर नेमकी याच्या उलटी. म्हणून फडाचा गाव फक्त गटनकाशावरून वाचला तर त्या गावाची सगळ्यांत मोठी सामूहिक रचना नजरेतून निसटते. पुढे लाटीपाडा, अक्कलपाडा यांसारखी धरणं झाली आणि विहिरींवर मोटारी बसल्या, तशी नदीच्या वाहत्या पाण्यावरची फडांची भिस्त कमी होत गेली. हा बदल लिहायचा तर पाटाची मूळ आखणी आधी कागदावर हवी.

जुना गावनकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवणं, म्हणजे बायर्नअॅटलस एका टिचकीत करतं ते, आपल्याला हाताने करावं लागतं. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. मुंबई इलाख्यातल्या गावनकाशांचं नेहमीचं प्रमाण एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे १:७९२०, आठ इंचांना एक मैल. तीनशे डीपीआयने स्कॅन केलं की एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ६७ सेंटिमीटर पडतो. याहून बारीक स्कॅनचा उपयोग नाही, कारण अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेषाच चार मीटर जमीन झाकते. कागद घडीचा असेल तर घडी सपाट करून, काच ठेवून स्कॅन करा. मोबाइलने तिरका फोटो काढला तर कडा ताणल्या जातात आणि पुढचं सगळं गणित फसतं.

क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवणाऱ्या साधनात, प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ निवडा. अख्खा खान्देश याच पट्ट्यात येतो. मग आठ ते बारा खुणेचे बिंदू जुळवा. सगळ्यांत भरवशाचे बिंदू म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात त्या जागा, त्यानंतर जुन्या बांधीव विहिरी आणि देवळं. नदीचा काठ कधीही घेऊ नका. तापी, गिरणा, पांझरा यांनी काठ खाल्लेले आणि सोडलेले असतात. गावठाणाची कडही नको, ती पसरलेली असते. बिंदू चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत. सगळे गावाजवळ घेतले तर मध्य बरोबर बसतो आणि शिवेकडे नकाशा शे-दीडशे फूट सरकतो. रूपांतर पहिल्या घाताचं बहुपदी ठेवा. प्रत्येक बिंदूची चूक बाजूच्या तक्त्यात दिसते. एखाद्याची पंधरा मीटरच्या वर गेली तर तो बिंदू चुकीचा ओळखला आहे असं समजून काढा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ हा पर्याय मोहात पाडतो, कारण तो सगळे बिंदू तंतोतंत जुळवतो, पण त्यासाठी मधला नकाशा रबरासारखा ताणतो आणि चूक लपवतो.

एवढं करूनही शेजारच्या दोन गावांचे नकाशे शिवेवर नेमके मिळत नाहीत. कुठे फट राहते, कुठे एकमेकांवर चढतात. चूक तुमची नसते. बव्हेरियात एका मनोऱ्यापासून सगळं मोजलं, तर आपल्याकडची बहुतेक मूळ मोजणी गावागणिक स्वतंत्र, शंकू-साखळीने झाली. प्रत्येक गाव स्वतःपुरता बरोबर, पण सगळ्यांना बांधणारं एक जाळं त्या वेळी नव्हतं. म्हणून प्रत्येक गाव वेगळा बसवा आणि शिवेवरची फट तशीच दिसू द्या. ती जबरदस्तीने मिटवली की तुम्ही नकळत नवी शीव काढलेली असते, आणि शिवेवरून आधीच ताणलेल्या गावांत ते फार महागात पडतं.

ही मोजणी खान्देशाने मुकाट्याने स्वीकारली नव्हती, हेही नकाशासोबत लिहायला हवं. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल आणि एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठा उठाव झाला. सारा वाढेल ही भीती त्यामागे होती, आणि सरकारने सैन्य आणून तो मोडला. रावेर-यावल पट्ट्यातल्या कोणत्याही गावाच्या इतिहासात पहिला नकाशा हे स्वतंत्र प्रकरण होऊ शकतं.

दप्तराच्या बाबतीत आपण बव्हेरियाच्या पोर्टलच्या पुढे आहोत. भूलेखवर सातबारा आणि आठ-अ मोफत बघता येतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. लिहिण्यासाठी विनासहीचा पुरतो, कायदेशीर कामाला तो चालत नाही. खरा खजिना ‘आपले अभिलेख’मध्ये, म्हणजे स्कॅन केलेल्या जुन्या उताऱ्यांत आणि फेरफारांत (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींत) आहे. खातं उघडून जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि नंबर निवडायचा. सगळ्या गावांचं सगळं दप्तर यात नाही. जे नाही त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज हाच मार्ग.

फेरफार हे गावाचं रोजनिशीसारखं दप्तर आहे आणि ते तसंच, पहिल्या नंबरापासून क्रमाने वाचायचं. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे पहिले फेरफार साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतले. सुरुवातीला वारस आणि गहाणखतं दिसतात. एकाच सावकाराचं नाव ओळीने येऊ लागलं की त्या आधीच्या वर्षांतले दुष्काळ तपासा. १९५० नंतर वतनं खालसा झाल्याच्या नोंदी येतात: परगणा-कुलकर्णी वतन, मग कनिष्ठ गावकामगारांची वतनं, मग पाटीलकी. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्यानंतर ‘३२ ग’च्या, म्हणजे कुळाने कसत असलेली जमीन विकत घेण्याच्या, नोंदींची रांग लागते. कसणारी कुळं मालक कशी झाली, कोणत्या नंबरांत झाली आणि कुठे कुळाने जमीन नाकारल्याची नोंद झाली, हे नकाशावर रंगवलं की गावाचा सामाजिक इतिहास एका पानावर येतो. पुढे बांधबंदिस्तीचा बोजा, सोसायटीचं कर्ज, भूसंपादन. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातले बोजे रटाळ वाटतात, पण कोणत्या वर्षी कोणत्या शिवारात मातीचे बांध पडले हे तिथूनच कळतं.

भूमी अभिलेख कार्यालयात मागायची कागदपत्रं वेगळी: टिपण बुक, गुणाकार बुक, फाळणी बुक, आकारफोड, आकारबंद, शेतवार पत्रक, वसलेवार पत्रक. अर्जात नुसतं ‘जुना रेकॉर्ड’ लिहिलं तर काम अडतं, प्रकाराचं नाव आणि सर्व्हे नंबर लिहा. टिपणात एका शेताच्या बाजू साखळी-आण्यांत दिलेल्या असतात. इथे साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. क्षेत्रातल्या आण्याशी तो मिसळू नका: तिथे गुंठ्याचे सोळा आणे, आणि आणा ६८ चौरस फुटांचा. जुनी पानं मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस तालुक्यात शोधून ठेवल्याशिवाय नकला मागवू नका. आणि एक आग्रहाची विनंती: छापताना हयात माणसांची नावं, खातेनंबर आणि कर्जाच्या नोंदी गाळा. दप्तर उघडं आहे, म्हणून कुणाच्या घरातलं दुःख पुस्तकात यावं असं नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची ओपन सिरीज पत्रकं खातं उघडून मोफत उतरवता येतात. एक पत्रक पंधरा मिनिटं अक्षांश-रेखांशाचं, खान्देशात सुमारे २६ गुणिले २८ किलोमीटर. जुन्या क्रमांकपद्धतीत धुळे ४६ एल, जळगाव-भुसावळ ४६ ओ आणि मुक्ताईनगरच्या पूर्वेकडचा भाग ५५ सी. ओपन सिरीजची क्रमांकपद्धत वेगळी आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातला पत्रकनंबर तिथे तसाच शोधू नका. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस मीटरच्या अंतराने असतात, आणि तापीच्या सपाट गाळात ही मोठी मर्यादा ठरते. गावाची जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, सहसा त्याहून कमी उंचीची असते, ती दोन रेषांमध्ये बेपत्ता होते. प्रकाशा आणि गिरणेकाठचं बहाळ, दोन्ही ठिकाणी १९५० च्या दशकात उत्खनन होऊन ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर मिळाले. अशा टेकाडांचा शोध समोच्च रेषांवरून लागत नाही. पत्रकावर ‘आर’ लावलेले छोटे आकडे बघा, ती आसपासच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली असते. नदीकाठच्या घळींची खोलीही तशीच दिलेली असते.

साक्री-नंदुरबारकडे हेच पत्रक फार कामाचं. तिथे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती पूर्व-पश्चिम दिशेने शिवारांतून गेलेल्या आहेत. त्या बसाल्टच्या डाइक, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती. नकाशावर अरुंद, सरळ धारेसारख्या दिसतात. डाइक घट्ट असेल तर भूजल तिच्या चढाच्या बाजूला अडतं, म्हणून एका बाजूच्या विहिरी उन्हाळ्यातही तग धरतात आणि दुसऱ्या बाजूच्या लवकर तळ गाठतात. गावठाण, गुरांचं पाणी, जुन्या विहिरी यांच्या जागा डाइकच्या रेषेवर ठेवून बघा. गाव तिथेच का वसलं याचं उत्तर पुष्कळदा एवढ्यानेच मिळतं. धरणाआधीचा भूगोल हवा असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोफत ठेवलेली अमेरिकी लष्कराची १९५० च्या दशकातली १:२,५०,००० पत्रकं घ्या. उकाई १९७२ ला पूर्ण झालं, त्यामुळे नवापूर-नंदुरबारकडची बुडालेली तापीची खोरी त्यांत अजून कोरडी आहेत. लहान वाड्या मात्र या प्रमाणात दिसत नाहीत.

गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड खान्देशाचा, १८८० चा. शेवटच्या प्रकरणात ठिकाणं इंग्रजी वर्णक्रमाने आहेत. मोठं किंवा ऐतिहासिक गाव असेल तर भरपूर मिळतं. थाळनेर घ्या. फारुकी घराण्याच्या मलिक राजाला फिरोजशाह तुघलकाकडून १३७० मध्ये ही जहागीर मिळाली, राजधानी आधी इथेच, पुढे नसीर खानाने बुऱ्हाणपूर वसवलं. तापीकाठचा किल्ला, फारुकी थडगी, फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल हिस्लॉपने किल्ला घेतल्यावर किल्लेदाराला दिलेली फाशी, जिच्यावर ब्रिटिश संसदेतही प्रश्न उठले, हे सगळं सापडतं. थाळनेरच्या शेजारच्या दोन-तीनशे उंबऱ्यांच्या खेड्याला मात्र बहुधा एक ओळही नाही. तिथे पीक, पाणी, बाजार, रस्ते यांची तालुकावार प्रकरणं वाचून काम भागवावं लागतं. इंग्रजी लेखनातली नावं बदलतात, थाळनेर कुठे ‘टालनेर’ होतं, म्हणून दोन-तीन रूपांनी शोधा. आणि आदिवासी व इतर जातींबद्दल त्या अधिकाऱ्यांनी केलेली शेरेबाजी उतरवून घेऊ नका. आकडे आणि जागा घ्या, माणसांवरचे निकाल सोडा. नंतरचे जळगाव (१९६२) आणि धुळे (१९७४) हे खंड राज्य गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतली गावनिहाय यादी क्षेत्र, सिंचन आणि सोयींपुरती बघा, त्याहून जास्त अपेक्षा नको.

कोणत्या वर्षी गाव कोणत्या जिल्ह्यात होतं हे आधी पक्कं करा, नाहीतर चुकीच्या दप्तरात महिने जातात. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण खान्देशातून गेले. १९०६ ला पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले. १ मे १९६० ला पश्चिम खान्देशातली बरीच गावं गुजरातेत गेली, आजचे निझर आणि उच्छल तालुके त्यांतले. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. निझरकडच्या गावाला म्योडलारॉइटचीच अडचण येते: १८८० चं गॅझेटियर त्याला खान्देशात धरतं, महाभूनकाशा राज्याच्या हद्दीवर थांबतो, आणि पुढचा सातबारा गुजरातच्या ‘एनीआरओआर’ या भूमी-अभिलेख पोर्टलवर गुजरातीत शोधावा लागतो.

अक्राणी-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातल्या बऱ्याच वनगावांना वरचं बहुतेक लागूच पडत नाही. तिथली महसुली मोजणीच उशिराची, काही ठिकाणी अपुरी, त्यामुळे महाभूनकाशावर रिकामं दिसलं तर गाव नव्हतंच असा अर्थ काढू नका. अशा गावासाठी वनविभागाची कार्य-आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा) आणि तिचे कंपार्टमेंट, म्हणजे वनखंडांचे, नकाशे, वनहक्क दाव्यांसोबत ग्रामसभेने केलेले जीपीएस नकाशे आणि सर्व्हे ऑफ इंडियाचं पत्रक ही तीन साधनं घ्या. पाड्यांची नावं मात्र पाड्यावर जाऊन, तिथल्या वयस्कर माणसांकडून लिहून घ्या, कारण पत्रकांवरची नावं बाहेरच्या मोजणीदारांनी ऐकून लिहिलेली आहेत आणि दोन आवृत्त्यांत ती सारखी नसतात.